टॉवरच्या पायथ्याशी थांबलेली माणसं

आम्ही चौघं अजूनही रविवारी सकाळी नांदेडच्या बसस्टँडमागच्या एका हॉटेलात चहाला भेटतो. चौघं म्हणजे मी, कुलकर्णी साहेब, गफारभाई आणि ज्ञानोबा. साहेब आमचे इंजिनियर, मी टेक्निशियन, गफारभाई टॉवरवर चढून दिवे-बोल्ट बघणारे आणि ज्ञानोबा गेटवरचा वॉचमन. शहराबाहेरच्या माळावर टीव्हीचं रिले केंद्र होतं, त्यावर चौघांचीही घरं चालली. आता केंद्र बंद. चहा चालू!

कुणाच्या ऑफिसात फायली साचतात, आमच्याकडं किस्से साचले. त्याचं कारण एकच. टॉवर दिसला की माणसाला वर जावंसं वाटतं. जमिनीपासून साठ-सत्तर फुटांवर लोखंडी जाळीचा एक ओटा होता, चारी बाजूंनी कठडा. तिथवर जिना, त्याच्या पुढं नुसती सरळ शिडी. कागदावर त्या ओट्याचं नाव 'वर्किंग प्लॅटफॉर्म'. ज्ञानोबा त्याला 'माळवद' म्हणायचा. तिथून सगळं नांदेड दिसतं अशी गावभर ख्याती. त्यामुळं रोज कुणी ना कुणी गेटवर उभं. "मॅडम, फक्त पाच मिनिटं! बघतो आन् येतो!"

आणि आमचं ठरलेलं उत्तर, "परवानगी नाही."

पूर्वी हे किस्से सांगताना आम्ही टेबलावर हात आपटून हसायचो. हल्ली किस्सा संपला की हसू लवकर ओसरतं. मग ज्ञानोबाच म्हणतो, "सोडायला पायजे होतं ओ, मॅडम. काय बिघडलं असतं?"

* * *

परवानगी नसताना दमदाटीनं वर गेलेला एकच माणूस. एका पुढाऱ्याचा भाचा!

दोन गाड्या भरून मंडळी आली. कडक इस्त्रीचा कुडता, डोळ्यांवर गॉगल, मागं फोटो काढणारा. ज्ञानोबानं आडवा हात लावला तर भाचा म्हणाला, "मामाला फोन लावू का?" कुलकर्णी साहेबांनी खिडकीतून बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "शोभाताई, ट्रान्समीटर चालू असताना वर जाणं धोक्याचं. अर्धा तास बंद ठेवा. मेंटेनन्स म्हणून लिहा."

भाचा तरातरा चढला. माळवदावर पोचला, कठड्याला हात लावला, खाली बघितलं आणि मटकन खाली बसला. कठड्याचा गज दोन्ही हातांनी धरून ठेवला तो सोडायलाच तयार नाही. खालून कार्यकर्ते ओरडून राहिले, "दादा, हात करा! फोटो काढायचाय!" दादा कसला हात करतोय!

शेवटी गफारभाई वर गेले. गळ्यातला रुमाल काढून त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि म्हणाले, "बेटा, अब तू अंधा. मी सांगतो तिथं पाय ठेव." एकेक पायरी करत त्याला खाली आणला. पाऊण तास लागला.

जमिनीला पाय लागले, रुमाल सुटला, गॉगल परत डोळ्यांवर आला. मोबाईल पुढं करून एकानं विचारलं, "दादा, वरून कसं वाटलं?"

भाचा म्हणाला, "नजारा एक नंबर!"

* * *

त्यानंतरच्या महिन्यातली गोष्ट. साहेब रजेवर होते आणि केंद्र माझ्या ताब्यात होतं.

उमरीकडच्या एका खेड्यातली शाळा सहलीला आली. मुलं-मुली मिळून चाळीसेक. हेडमास्तर म्हातारे, सज्जन, हातात रीतसर पत्र. पत्रात लिहिलेलं, 'केंद्रास भेट देण्यास अनुमती.' मी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सर, केंद्र दाखवते. टॉवरचं यात काही लिहिलेलं नाही."

"मॅडम, दहा-दहा लेकरं सोडा. मी सोबत जातो. पोरं चार दिवसांपासून झोपली न्हाईत."

"नाही सर. जबाबदारी माझ्यावर येईल."

भाच्याच्या वेळी ती कुणावर आली असती, हे हेडमास्तरांनी विचारलं नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

मी मुलांना आत नेलं, हिरवी कपाटं दाखवली, लुकलुकणारे दिवे दाखवले, मोठी डिश दाखवली. मुलं बिचारी 'हो मॅडम, हो मॅडम' करत होती आणि डोळे सारखे खिडकीतून वर. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वरून आमचं गाव दिसतंय का?"

"नाही दिसत," मी म्हणाले. विषय मिटावा म्हणून म्हणाले.

आठ-दहा दिवसांनी पोस्टानं जाड पाकीट आलं. हेडमास्तरांनी सहलीवर मुलांकडून चित्रं काढून घेतली होती. 'टॉवरवरून दिसणारे दृश्य'! एकही पोर चढलेलं नव्हतं, पण सगळ्यांना सगळं दिसलेलं. कुणाला नदी, कुणाला रेल्वे, कुणाला आपली शाळा, एकाला तर हापशावर भांडणाऱ्या दोन बायकासुद्धा!

दोन वेण्यांच्या मुलीचं चित्र शेवटी होतं. तिनं वरचं काहीच काढलं नव्हतं. मधोमध टॉवर, आणि पायथ्याशी साडीतली एक बाई, बोट वर करून. खाली रंगीत खडूनं लिहिलेलं, 'नाही म्हणणाऱ्या मॅडम'.

गफारभाईंनी ते हसत हसत ड्यूटी रूमच्या भिंतीवर चिकटवलं. मी काढलं नाही. केंद्र बंद होईस्तोवर ते तिथंच होतं.

* * *

ज्ञानोबाला मात्र 'नाही' म्हणायला जीवावर यायचं. म्हणून तो 'नाही'च्या जोडीला काहीतरी गोड बोलायचा. त्यानंच घोटाळा झाला.

एकदा नवरात्रात एक म्हातारी गेटवर आली. जवळच्याच वस्तीतली, सगळे तिला गयाबाई म्हणत. टॉवरकडं बघत म्हणाली, "लेकरा, ह्याच्यावरून काय काय दिसतंया रं?"

ज्ञानोबा रंगात होता. म्हणाला, "समदं दिसतं, मावशे! पार माहूरचा गड दिसतो!"

आता कुठं नांदेड, कुठं माहूर! एसटीनं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. पण म्हातारीनं हातच जोडले. "मला वर सोड की रं. दर साली जात होते देवीला. आता गडाच्या पायऱ्या व्हत न्हाईत. लांबूनच पाया पडते."

ज्ञानोबाची बोबडी वळली. वर सोडता येईना आणि बोललेलं मागं घेता येईना. म्हणाला, "वर कामून जाती, मावशे? हितूनच त्या अंगाला हात जोड. सरळ रेषेत गडच हाय." आणि घाईघाईनं त्यानं जो हात केला, तो देगलूरच्या बाजूला!

माहूर उत्तरेला, देगलूर दक्षिणेला. गयाबाईनं देगलूरकडं तोंड करून डोळे मिटले, कंपाउंडच्या भिंतीला हळदी-कुंकू लावलं, खण-नारळ ठेवला आणि तृप्त होऊन गेली. मी व्हरांड्यातून बघत होते. मीही तिला वळवलं नाही.

पुढच्या नवरात्रात परत आली. त्याच्या पुढच्याही. मी एकदा म्हणाले, "अरे ज्ञानोबा, तिला खरी दिशा तरी सांग."

"आता कसं सांगू, मॅडम? चार वर्सं झाली की! आता सांगितलं तर चारी वर्सांच्या पूजेचं काय व्हईल?"

एका वर्षी ती आली नाही. तिची सून आली. डोक्यावर पदर, हातात तेच ताट. म्हणाली, "आत्याबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. जाताना बोलल्या, टावरपशी माजी देवी हाय, तिला सोडू नगंस. दादा, कुठं उभ्या ऱ्हायच्या त्या?"

ज्ञानोबानं परत हात केला. देगलूरकडंच!

मग तो केबिनच्या मागं गेला, तो लवकर बाहेर आला नाही.

* * *

आता साहेबांचा किस्सा. साहेब टेबलाशी असले की हा आम्ही काढत नाही.

साहेब गावातलेच, वडील शिक्षक, घर जुन्या नांदेडात. नियमाचे फार पक्के. कुलकर्णी वहिनींनी लग्नानंतर पहिल्या वर्षीच म्हटलं होतं, "अहो, मला एकदा वर न्या ना." साहेब म्हणाले, "घरच्याच माणसाला नेलं तर लोक काय म्हणतील? रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी नेतो. मग कुणाच्या बापाला भीत नाही."

वहिनी थांबल्या. डबा घेऊन ऑफिसात आल्या की गेटपाशीच उभ्या राहायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "माझं बुकिंग झालेलं आहे बरं का!"

शेवटच्या दोन वर्षांत वहिनींच्या साखरेनं डोळे धरले. हैदराबादला दाखवलं, ऑपरेशनं झाली, उपयोग झाला नाही. आधी वाचायचं गेलं, मग माणसं ओळखू येईनात. मग उजेड-अंधार तेवढा कळायचा.

रिटायरमेंटच्या आदल्या दिवशी साहेब वहिनींना घेऊन आले. आम्हाला वाटलं, निरोपाच्या चहाला आणलं असेल. साहेब म्हणाले, "शोभाताई, ट्रान्समीटर बंद करा. गफारभाई, पुढं चला."

मी मागून, गफारभाई पुढून, मधे साहेब आणि त्यांचा हात धरून वहिनी. एकदाही थांबल्या नाहीत. माळवदावर वारा होता. वहिनींनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि म्हणाल्या, "हं. सांगा."

साहेब सांगायला लागले. "समोर गोदावरी. पाणी बरंच आहे. इकडं गुरुद्वाऱ्याचा घुमट, उन्हात चमकून राहिलाय. त्याच्या पलीकडं रेल्वेचा पूल..."

वहिनी ऐकत होत्या. जिकडं साहेब सांगतील तिकडं मान वळवत होत्या.

"आणि आपलं घर?"

घराच्या बाजूला उंच उंच इमारती झाल्या होत्या. घर काही दिसत नव्हतं. साहेब म्हणाले, "दिसतंय ना! अगदी स्पष्ट. गच्चीवर तुझे कपडे वाळतायत. ती हिरवी साडी..."

वहिनी हसल्या. "अहो, आज मी कपडे धुतलेच नाहीत. तुम्हालाच निघायची घाई होती ना!"

गफारभाई पाठ फिरवून एक बोल्ट आवळायला लागले. तो बोल्ट चांगला घट्ट होता.

* * *

केंद्र बंद झालं त्याचा तर किस्साही धड होत नाही.

वरून ऑर्डर आली. ठरलेल्या तारखेला मी स्वतः स्विच पाडला. दुसऱ्या दिवशी मी, गफारभाई आणि ज्ञानोबा फोनपाशी बसून राहिलो. वाटलं, आता फोनवर फोन येतील. टीव्ही का दिसेना, म्हणून लोक शिव्या घालतील. आम्ही उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

दुपारपर्यंत काही नाही. जेवणानंतर एकदाची घंटी वाजली. तिघंही उभे राहिलो. मी फोन उचलला.

"हॅलो, गॅस एजन्सी का? सिलिंडर कधी येतंय?"

ज्ञानोबा खो खो हसला. मग म्हणाला, "मॅडम, आपून कवाच बंद पडलो होतो काय की! आपल्यालाच सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

त्याच दिवशी गफारभाई म्हणाले, "मॅडम, मैं एक बार उपर जाके आता हूँ. काम नाही. नुसतं बघून येतो."

एवढी वर्षं हा माणूस आठवड्याला दोनदा पार टोकापर्यंत, लाल दिव्यापर्यंत जात होता. 'वरून काय दिसतं?' असं कुणी विचारलं की म्हणायचा, "नट दिसतो, बोल्ट दिसतो. नजर हटली तर आदमी हटला!" त्या दिवशी पहिल्यांदाच हातात पाना नव्हता. कमरेचा पट्टा तेवढा लावला आणि गेला. आम्ही खालून बघत होतो. माळवदाच्या वरच्या शिडीला लागला, निम्म्यात थांबला, शहराकडं तोंड केलं. आणि बराच वेळ तसाच. मग उतरला.

"काय दिसलं, गफारभाई?"

गफारभाई जमिनीवर बसले. ज्ञानोबानं पाणी आणलं. घोटभर पिऊन म्हणाले, "चक्कर आली, मॅडम. जिंदगीत पहिल्यांदा!"

* * *

आता जो सांगते तो किस्सा मी रविवारच्या चहाला कधीच काढलेला नाही. तो माझ्या वडिलांचा. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी नोकरीला नवीन होते, प्रोबेशनवर. त्या केंद्रात टेक्निशियन म्हणून पहिलीच बाई. लागले त्याच आठवड्यात एका जुन्या कर्मचाऱ्याला दाराआडून म्हणताना ऐकलं होतं, "आता बघा, ह्यांचे समदे पाव्हणे टॉवर बघायला येतील!" ते वाक्य माझ्या कानात बसलं होतं.

बाबा एक दिवस न सांगता आले. रेणापूरहून पहाटेची एसटी धरून, लातूरला गाडी बदलून. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात आईनं दिलेले धपाटे. ज्ञानोबाला गेटवर सांगितलं, "माही लेक हाय हितं. शोभा. विंजनेर हाय." ज्ञानोबानं त्यांना मानानं आत आणलं.

मी बाहेर आले. बाबा टॉवरकडं बघत उभे होते. टोपी काढून हातात घेतलेली.

"जयभीम, बाबा. कळवलं नाही ते?"

"कशाला कळवायचं? लेकीचं हापिस बघाया आलो." मग वर बोट केलं. "तितवर जाता येतं व्हय?"

"येतं. पण बाहेरच्या माणसाला परवानगी नाही."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. "मी भाईरचा हाव व्हय?"

"तसं नाही हो बाबा. नियम आहे. साहेबांची सही लागते."

"मंग ऱ्हाऊ दे," बाबा लगेच म्हणाले. "तुज्या नोकरीला डाग नगं."

कुलकर्णी साहेब आत बसले होते. दहा पावलांवर. विचारलं असतं तर हो म्हणाले असते की नाही, कोण जाणे. मी विचारलंच नाही.

मी आतून खुर्ची आणि चहा आणला. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. टॉवरचा एक पाय जिथं जमिनीत जातो, तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर जाऊन बसले. चहा बशीत ओतून घेतला, फुंकून प्यायले. मग तळहातानं तो ओटा थोपटला. बैलाची पाठ थोपटावी तसा.

"हा पाया आमी खांदलाय, शोभे."

मला कळेचना. "कुठला पाया?"

"ह्योच की. तू व्हायच्या आदी. गुत्तेदारानं रेणापुरातून बारा जोड्या आनल्या होत्या. मी आन् तुजी आई, आमी ह्या पायाला होतो. पलीकडच्याला तुजा मामा. वरली काळी माती सरली, मंग मुरूम लागला, मंग दगड. दगडात सुरुंग लावावं लागलं. आमी खाली, आन् तुजी आई वरून टोपली वडायची. तितंच त्या लिंबाखाली पाल ठोकून ऱ्हायलो समदा उन्हाळा."

लिंब अजून होता. मी रोज त्याच्या सावलीत डबा खात होते.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही ते?"

"तू कदी इचारलं न्हाईस."

दुपारची सुट्टी होती, ट्रान्समीटर बंद होता. गफारभाई जिन्यापाशी विडी ओढत उभे होते. नुसती मान हलवली असती तरी ते बाबांचा हात धरून वर घेऊन गेले असते. मी घड्याळ बघितलं.

"बाबा, पुढच्या खेपेला रीतसर अर्ज करू. कागद आला की दोघं मिळून वर जाऊ."

बाबा उठले. धोतर झटकलं, टोपी घातली आणि टॉवरला खालून वर एकदा डोळे भरून बघितलं.

"किती खोल होता खड्डा?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"दोन पुरुस तर आसंल. मान्सावर मानूस उबा ऱ्हाईल येवढा."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "कर बाई अर्ज. खाली उतरलो तवा कुनी कागुद मागितला न्हवता!"